सहीखालची रेघ

तारीख ४, मंगळवार

ही वही ताईने स्वतः शिवून दिली होती, मी घर सोडलं त्या सकाळी. "रोज दोन ओळी लिही, म्हणजे हरवणार नाहीस," म्हणाली होती. त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले. आज पहिलं पान. मधल्या काळात वहीने पुष्कळ कामं केली. बोटीवरच्या कँटीनमध्ये गरम किटलीखाली बसली, सर्कशीत डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली गेली, माशाही मारल्या तिने. लिहिणं तेवढं राहिलं. उद्या लिहू, उद्या लिहू. काही घडत असतं तेव्हा मी त्या घडण्यातच असते, आणि काही घडत नसतं तेव्हा लिहायचं काय?

आज लिहितेय कारण भीती वाटतेय आणि सांगायला कोणी नाही.

नीट क्रमाने लिहायला हवं. बाबा गेले त्याला वर्ष झालं. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या हातची पाटी नाही अशी गल्ली या शहरात शोधून सापडायची नाही. त्यांच्यामागे एक घर राहिलं. वर दोन खोल्या, खाली रंगकामाची खोली. वर ताई राहते आणि खाली पुस्तकं बांधायचं काम करते, पोट त्यावरच. दादा म्हणतो, बाबांनी घर माझ्या एकट्याच्या नावे केलं, तसं मृत्युपत्र आहे. ताई म्हणते, बाबा असं करणारच नाहीत. म्हणून दोघं कोर्टात. मी तिसरी, शेंडेफळ. मला घर नको. पाठीवर मावत नाही ते मी ठेवत नाही.

दादाने तिकीट पाठवलं म्हणून आले. त्याच्याकडेच उतरलेय. तो फार चांगला वागतोय. आल्या आल्या माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "हे बूट आहेत की खिडक्या?" आणि नवे घेऊन दिले. मग म्हणाला, "काम पाच मिनिटांचं गं. कोर्टात सही दाखवतील, बाबांचीच का म्हणून विचारतील. हो म्हणायचं आणि खाली उतरायचं. दोन साक्षीदारांपैकी एक वारला, दुसरा माझा भागीदार, त्याच्यावर ताईकडचे लोक विश्वास ठेवत नाहीत. घरचं माणूस बोललेलं बरं."

मी हो म्हटलं. त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

दुपारी त्याच्या वकिलांकडे गेलो. खोलीभर फायली, आणि डोक्यावर असा पंखा की कागद नुसते उडू बघत होते. म्हणून प्रत्येक ढिगावर वजन. दगड, पंचिंग मशीन, एका ढिगावर तर कोणाचा तरी बूट. डावा. मी विचार करत होते, उजवा कुठे असेल आणि पक्षकार घरी कसा गेला असेल. तेवढ्यात वकिलांनी मृत्युपत्राची प्रत माझ्यापुढे सरकवली. वरचा मजकूर वाचत बसले नाही. खाली सही बघितली.

सही माझी आहे.

तारीख ५, बुधवार

काल पुढे लिहवेना. आज लिहून टाकते.

मी तेरा वर्षांची असताना बाबांचा हात कापायला लागला. आधी ते खडूने अक्षरं आखायचे आणि मी रंग भरायची. मग खडूही माझ्याकडे आला. शाळा तेव्हापासून माझी पातळच झाली, पण अक्षर सुधारलं. पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची सही असायची आणि सहीखाली एक रेघ. "सही नसेल तर ती पाटी नाही, नुसता पत्रा," म्हणायचे. तीही मीच करायला लागले, त्यांच्या समोर, त्यांच्या सांगण्यावरून. मी डावरी. पहिल्यांदा माझ्या हातची सही बघून म्हणाले, "डावरे, तू तर माझ्यापेक्षा माझी सही बरी करतेस!"

मग कागदही आले. पोस्टाची पावती, विजेचा अर्ज. बँकेने कळवलं की सही जुळत नाही, नमुन्याची सही नव्याने द्या. तीही मीच केली. ताई म्हणाली होती, "बाबा, सरळ अंगठा लावा ना." त्यावर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "जन्मभर अक्षरं काढली, ती शेवटी अंगठा लावायला?"

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कोऱ्या कागदांची चळत पुढे ठेवली. "खाली सह्या करून ठेव. तुला कुठे शोधत बसू?" मी केल्या. अकरा. बाराव्याच्या वेळी शाई सांडली. कागद ब्रशांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, ब्रश बाहेर काढून. तोच डबा, ज्याच्या झाकणावर उभं राहून मी एकदा झरोक्यातून मांजर पाहायला गेले आणि टाचेचा पोचा पाडला.

तर असं. मला तेव्हा हे चूक वाटलंच नाही. बाप सांगतो, मुलगी करते. पण आता त्यातल्या एका कागदावर सहीच्या वर मृत्युपत्र टाइप झालंय. कोणी केलं? बाबांनीच करवून घेतलं असेल. दादाला विचारलं, "बाबांचा ब्रशांचा डबा कुठे रे?"

"कुठला डबा? भंगारात गेला असेल."

आत वहिनीच्या हातून झाकण पडलं, केवढ्यांदा तरी. वहिनी तशी वेंधळी नाही.

दुसऱ्याची सही केली तर तुरुंग असतो ना? मला एका खोलीत तीन दिवस राहवत नाही. सर्कशीतला वाघ मी रंगवला होता, गाडीच्या दारावर. लोक त्याला मांजर म्हणायचे. खरा वाघ आत फेऱ्या मारायचा, चार पावलं इकडे, चार तिकडे. आज सकाळपासून सारखा तोच दिसतोय.

तारीख ७, शुक्रवार

कोर्ट. माझी पाळी नव्हती, पण दादाने बरोबर नेलं, "सवय होईल" म्हणून. बाकावर कोणी कोणी नखाने नावं कोरली होती. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी, 'रा' बुटका. बाबांची नाही, हे लांबूनच कळलं.

हस्ताक्षराचा तज्ज्ञ आला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि खिशात भिंग. म्हणाला, "बँकेतल्या सहा कबूल, म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या, सह्यांशी मृत्युपत्रावरची सही तंतोतंत जुळते. सातही सह्या एकाच हाताच्या आहेत. शंकेला जागा नाही."

खरं बोलला बिचारा. मला एकदम हसू आलं, ते रुमालात दाबलं.

मग ताईच्या वकीलीणबाई उठल्या. आता सहीवर बोलणार म्हणून मी बाकाची कड धरून बसले. तर म्हणाल्या, "सहीबद्दल आमची हरकत नाही. वरचा मजकूर वडिलांच्या इच्छेने लिहिला गेला का, एवढंच आमचं म्हणणं." झालं. मी सुटकेचा श्वास सोडला तो दादालाही ऐकू गेला असणार, त्याने माझ्या पाठीवर थोपटलं.

बाहेर व्हरांड्यात वकीलीणबाई ताईवर वैतागल्या होत्या. "मुख्य मुद्दा तोच, आणि सहीवर तुम्ही मला तोंडच उघडू देत नाही! मग लढू कशावर?" ताई नखाखालचा डिंक काढत उभी. बाबांसारखीच हट्टी.

मग मी दिसले. दोन वर्षांनी. मला वाटलं, जवळ घेईल. म्हणाली, "तू अजून इथेच? तीनची गाडी आहे. जा."

"माझी साक्ष आहे ताई, पुढच्या शुक्रवारी. हरकत नसली तरी दादाचे वकील घेणारच म्हणतात."

"म्हणूनच सांगतेय. कुणाला न सांगता जा. आजच जा."

सख्खी बहीण! मी वाटा मागीन अशी धास्ती असेल तिला. इतकं लागलं की गाडी होती तरी गेले नाही. रुसून राहिले. रुसून जातात लोक, मी राहिले.

तारीख ९, रविवार



आज दादा आरशासमोर दाढी करत होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "दादा, समज, मला ती सही बाबांची वाटलीच नाही तर?"

त्याने वस्तरा थांबवला नाही. "तर विचारतील, मग कोणाची? काय सांगशील?" आरशातून माझ्याकडे बघून हसला. "बाबांचा हात किती थरथरायचा, आठवतं ना? आणि सही बघ कशी देखणी. नशीब म्हणायचं. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. तुझ्या काळजीने सांगतोय, भटके."

काळजीनेच म्हणाला. आवाज तर तसाच होता. पण नंतर त्याने माझं ओळखपत्र आणि परतीचं तिकीट मागून घेतलं, "तू हरवशील" म्हणून, आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. हरवते मी, खरंच आहे. तरी किल्लीचा आवाज अजून कानात आहे.

तो बाहेर गेल्यावर वहिनी चहा घेऊन आली. ती कधी बसत नाही, आज बसली. कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "तुम्ही जाताना बाबांसाठी कागद ठेवले होते ना, सही केलेले? बाबा एकदा बोलले होते. किती होते?"

"अकरा. का?"

"काही नाही." कप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर सोडवायला कोण येईल हो?"

"झालं म्हणजे?"

"म्हणजे, असंच," म्हणाली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. वहिनीचं बोलणं असंच, शेंडा ना बुडखा.

तारीख ११, मंगळवार

घरात बसवेना म्हणून निघाले. दादा म्हणाला, कुठे? म्हटलं, बाबांच्या पाट्या बघून येते. तो म्हणाला, बघ बघ.

मी खरंच त्यासाठीच गेले होते. पुढचं आपोआप झालं.

पहिल्या गल्लीत सातही पाट्या माझ्या. दुसरीत दोन बदललेल्या, बाकी माझ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं, शहरात बाबांची म्हणून जी सही लोक ओळखतात, ती माझी आहे. बाबांची स्वतःची सही कुठे आहे? बँकेत नाही, कागदांवर नाही. माणूस गेला आणि त्याची सहीही गेली. भर रस्त्यात उभी राहून मी रडले. एका बाईने माझ्या हातात सुटे पैसे ठेवले. बूट नवे आहेत हे दिसलं नसेल तिला.

मग चष्मेवाल्या काकांकडे गेले. त्यांच्या पाटीवर दोन मोठे डोळे आहेत, मी सोळाव्या वर्षी काढलेले. डावा जरा तिसरीकडेच बघतो.

"कोण? पाटीवाल्यांची डावरी ना तू? शिडीवरून माझ्या गिऱ्हाइकावर पडलेली?"

"हो काका. याच्याआधीची पाटी काय केली तुम्ही?"

"केली काय, खालीच आहे. काढायचा कंटाळा. तुझ्या बापानेच तिच्यावर हा पत्रा ठोकला."

"उतरवू का?"

"आणि मग मी दुकान ओळखू कसं? मला लांबचं दिसत नाही."

"काका, तुम्ही चष्मे विकता!"

"विकतो. लावायला वेळ कुठे मिळतो?"

शिडी दिली शेवटी. वरचा पत्रा काढला. खाली जुनी पाटी, तिच्यावरही दोन डोळे, दोन्ही सरळ बघणारे. कोपऱ्यात सही, शेजारी साल. मी तेव्हा चार वर्षांची.

दोन्ही पत्रे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बसूनच राहिले. अक्षरं सारखी, अगदी हुबेहूब. पण रेघ! बाबांच्या सहीखालची रेघ डावीकडे जाड, उजवीकडे निमुळती होत गेलेली. माझी उलटी. उजवीकडे जाड, डावीकडे निमुळती. मी डाव्या हाताने रेघ उजवीकडून ओढत आणते. ब्रश जिथे टेकतो तिथे जाड, उचलतो तिथे बारीक. पेन चपट्या निबाचं असलं तरी तसंच. मृत्युपत्रावरची रेघ डोळ्यांपुढे आणली. उजवीकडे जाड.

म्हणजे हे दाखवता येतं. कोणालाही, भिंगाशिवाय.

इतकी भीती मला आतापर्यंत वाटली नव्हती. नाइलाज होता तोवर बरं होतं, गप्प बसायला कारण होतं.

काका वाकून बघत म्हणाले, "तुमच्या केसचं सगळ्या गल्लीला माहीत आहे. कोर्टात पाट्या लागत असतील तर मी घेऊन येतो. पण दुपारी परत हव्यात, नाहीतर लोक शेजारच्याकडे जातात."

तारीख १२, बुधवार

पिशवी उचलून सकाळीच बाहेर पडले. ओळखपत्र, तिकीट तिथेच राहिलं. वहिनी दारात होती. कुठे चाललात, म्हणून विचारलं नाही. माझ्या पिशवीत पाव भरत राहिली.

ताईकडे गेले. खालच्या खोलीला अजून टर्पेंटाइनचा वास, त्यावर आता डिंकाचा. ती एका जाड वहीला टाके घालत होती. मी उंबऱ्यातूनच बोलून टाकलं, नाहीतर पळून गेले असते.

"ताई, मृत्युपत्रावरची सही माझी आहे."

"माहीत आहे. जेवलीस का?"

"माहीत आहे? कधीपासून?"

"प्रत पाहिली तेव्हापासून. दोरा धर जरा. ताणून."

मी दोरा धरला. "मग वकीलीणबाईंना का नाही सांगितलंस? घर जाईल ना तुझं! हे मशीन, हे टेबल, सगळं कुठे नेशील?"

"ताणून म्हटलं ना. ढिला पडला की पानं सुटतात."

ताईचं हे नेहमीचं, मुद्द्याचं विचारलं की विषय बदलते. अकरा कागदांचं विचारलं. बाबांनी दोन वापरले, म्हणाली. एक बँकेला, एक विजेच्या मीटरसाठी. बाकीचे डब्यात होते, आणि डबा दादा सामानाबरोबर घेऊन गेला, "आठवण म्हणून". मी बोटांवर हिशेब केला. मृत्युपत्राचा एक धरला तरी आठ उरतात. आठ कोरे कागद, आणि खाली माझी सही.

पाट्यांचं सांगितलं तेव्हा मात्र तिने सुई खाली ठेवली. "तू हे कोर्टात बोलणार नाहीस."

"का?"

"माझं घर आहे, मी बघीन. तुला काय करायचंय? सर्कशीत जा परत."

इतकं तोडून बोलली. आणि बोलताना माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होती. हिला काय म्हणावं कळत नाही.

मी ऐकलं नाही. सरळ वकीलीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, पाणी दिलं, आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तरीच!" कशाला तरीच, ते सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "घाबरली आहेस?"

"खूप."

"घाबरायलाच हवं. खोटं सांगितलंस तर तो नक्की गुन्हा. खरं सांगितलंस तर काय होईल ते न्यायाधीश ठरवतील, मी शब्द देणार नाही. वडिलांच्या सांगण्यावरून केल्या हे तुझं म्हणणं, पण वडील सांगायला नाहीत. तुझा भाऊ म्हणेल, बहिणीला वाचवायला रचतेय. कोरे कागद होते याला पुरावा काय? ते उरलेले कागद हाती असते तर गोष्ट वेगळी."

"भंगारात गेले, दादा म्हणतो."

"हं," म्हणाल्या.

ताईकडे राहू नकोस म्हणाल्या, तिने पढवलं असं होईल. म्हणून इथे, कपडे धुण्याच्या दुकानावरची खोली. खालून वाफ आणि साबणाचा वास. खाटेचे चारही पाय सरळ, वहीला काम नाही.

तारीख १४, शुक्रवार, सकाळ

अकराला पुकारणार. आता साडेआठ.

काल दिवसभर काही लिहिलं नाही, भिंतीकडे बघत होते. दादाला मी कुठे आहे ते कळलंय. काल खालच्या धोबीणबाईला कोणी तरी विचारून गेलं. "भाऊ म्हणत होता. गोड बोलत होता हो," म्हणाली. दार आतून लावलंय. खुर्चीही लावलीय. खुर्चीने काय होणार?

पिंजऱ्यात उभं राहून काय म्हणायचं ते सतरांदा घोकलं. 'ही सही मी केली.' चार शब्द. तिसऱ्या शब्दाला अडते. गाडी अजूनही आहे, साडेनऊची. तिकीट नाही, पण बिनतिकिटाचं मी काय कमी फिरलेय! बोटीवर माझी जागा असेल. ताई घर सोडेल, कुठे तरी एका खोलीत टाके घालेल आणि मला कधी पत्रही लिहिणार नाही की का गेलीस. उलट वही शिवून पाठवेल. हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. ती मला जा, जा म्हणत होती ते...

पुढे नाही लिहवत. रडून झालं. बुटांची नाडी बांधली. दादाचे बूट नको होते, पण माझे त्याने फेकले.

थांब. खाली गाडी. दादाची गाडी, हॉर्न ओळखते मी. आला. बाई, आला. हात कापतोय, अक्षर बघा, बाबांसारखं झालंय.

खिडकीच्या फटीतून बघितलं. दादा नाही. गाडीत दुसरं कोणीच नाही. वहिनी एकटी उतरली. तिला गाडी चालवता येते हे मला माहीतच नव्हतं. पायात घरातल्याच चपला, केसही विंचरलेले नाहीत. मागे वळून दोनदा रस्ता बघितला. छातीशी काही तरी घट्ट धरलंय, चपटं, पत्र्याचं. झाकणावर उन्हात पोचा चमकला. माझ्या टाचेचा.

जिना चढतेय. धावतच. आत ब्रश असते तर खडखडले असते. काहीच वाजत नाहीये.